कन्फर्म झाल्यावरचा पेढा

कुंदामावशी नव्या नोकरीचा पेढा खात नाही. घेते मात्र जरूर. दोन्ही हात पुढे करून घेते, "छान झालं हो" म्हणते, पाठीवरून हात फिरवते आणि पेढा तोंडात टाकायच्या ऐवजी आत स्वयंपाकघरात घेऊन जाते. तिथे ओट्याखालच्या खणात तिने झाकणाच्या छोट्या डब्या जमवून ठेवल्या आहेत. औषधांच्या, कुंकवाच्या, फार पूर्वीच्या कॅमेऱ्याच्या रोलच्या. त्यातल्या एका डबीत पेढा जातो, वर जखमेला लावायच्या पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लागतो, त्यावर नोकरी लागलेल्याचं नाव पडतं आणि डबी फ्रीजरमध्ये. पुढे कन्फर्म झालात की तुम्ही सांगायला यायचं. मग डबी बाहेर निघते, पेढा वाटीत ठेवून नरम होऊ देतात आणि मावशी तो तुमच्यासमोर खाते. तोपर्यंत तुम्हाला नोकरी लागलेलीच नाही, असं ती धरून चालते.

नवीन राहायला आलेल्यांना वाटतं, हिला डायबेटिस असणार. तसं काही नाही. बारशाचा पेढा, निकालाचा पेढा, गाडीचा पेढा ती जागच्या जागी खाते आणि दुसरा मागून घेते. "दहावी पास झालेलं पोर परत नापास होतं का? नोकरीचं तसं नाही रे बाबा," असा तिचा खुलासा आहे.

मुलुंड पूर्वेला आमची जुनी चार मजली सोसायटी आहे. लिफ्ट नाही. मावशी दुसऱ्या मजल्यावर राहते, आम्ही तळमजल्यावर. ती माझी सख्खी मावशी नव्हे. मी हाफ पँटीत होतो तेव्हापासून तिला मावशी म्हणतो, एवढंच नातं. पूर्ण नाव कुंदा राणे, गाव कणकवलीकडचं. विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात ती पगारखात्यात होती, तिथूनच रिटायर झाली. नव्याने लागणाऱ्यांचे कागद तिच्या टेबलावरून जायचे आणि सोडून जाणाऱ्यांचा शेवटचा हिशोबही तिच्याच टेबलावरून. "लग्न लावणारा भटजी पण मीच आणि काडीमोड करून देणारा वकील पण मीच," असं ती म्हणते. माणूस राजीनामा देताना किती तोऱ्यात असतो आणि शेवटचा चेक हातात पडल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, हे तिने इतक्या वेळा बघितलं की कुणी आनंदाने "नोकरी बदलतोय" म्हटलं की तिच्या कपाळावर आपोआप आठी चढते.

राणेकाका त्याच कारखान्यात मशीनवर होते. ते होते तोवर चारचौघांत मोठ्याने सांगायचे, "मी हिला बघायला गेलो तेव्हा मुलगी चहा घेऊन आली नाही, माझी पगाराची स्लिप मागायला आली." यावर मावशी मान खाली घालून म्हणायची, "बेसिक चांगला होता."

तिचा आवडता प्रश्न एकच. "हातात किती?" तुम्ही पगार सांगा, ती विचारणार, "हातात किती?" हा प्रश्न ती फक्त पगारापुरता ठेवत नाही. कुणी ठाण्याला सातशे फुटांचा फ्लॅट घेतला, हातात किती? कुणाच्या पोरीला पंच्याण्णव टक्के पडले, ते बेस्ट ऑफ फाइव्हचे, हातात किती? एकदा चौथ्या मजल्यावरच्या गद्रेकाकू चार किलो वजन उतरवल्याचं जिन्यात कौतुकाने सांगत होत्या. मावशी म्हणाली, "त्यातलं पाणी किती? हातात किती?" गद्रेकाकू तेव्हापासून तिला बघितलं की फोनवर बोलत असल्यासारखं करतात.

सीटीसी, म्हणजे कंपनी सांगते तो वर्षाचा सगळा मिळून आकडा, या शब्दावर तिचा विशेष राग आहे. "सीटीसी म्हणजे काय, अख्ख्या सुरमईचं वजन! कोळीण तराजूत टाकते तेव्हा डोकं, शेपूट, आतडी सगळं त्यात. घरी तव्यावर तुकड्या किती पडल्या ते बोल." जॉइनिंग बोनसला ती आहेर म्हणते. घेताना गोड वाटतो, पण फेडायचा असतोच. दोन वर्षांच्या आत सोडून गेलास की साडीसकट परत. आणि व्हेरिएबल पे म्हणजे पाहुणा. आला तर आला, पण त्याच्या नावाने भात लावायचा नाही.

ऑफर लेटर वाचणं हा तिचा छंद. दुसऱ्या कुणी विणकाम करावं, कोडी सोडवावीत, तशी ही दुसऱ्यांची ऑफर लेटरं वाचते. प्रिंट काढून न्यावी लागते, मोबाइलवर वाचलेलं मनात राहत नाही म्हणे. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढायची आणि शेवटच्या पानापासून सुरुवात करायची. "पहिल्या पानावर अभिनंदन असतं. कंपनी शेवटच्या पानावर असते." मग आपण चहा घेत तिच्या तोंडाकडे बघत बसायचं. थोड्या वेळाने पेन्सिल एका ओळीवर थांबते, मावशीचे डोळे चमकतात आणि ती ओरडते, "गावली! गावली मेली!" गावली म्हणजे सापडली. एरवी ती आपल्यासारखीच बोलते, पण राग आला किंवा आनंद झाला की तिची मालवणी बाहेर पडते. आणि ऑफर लेटरमधली खोच सापडण्याइतका आनंद तिला दुसऱ्या कशाचा होत नसावा. तिला काहीच गावलं नाही असं ऑफर लेटर आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या पाहण्यात नव्हतं.

ती नेहमी बरोबर असते असं नाही. तिसऱ्या मजल्यावरचा प्रथमेश बारा माणसांच्या एका नव्या कंपनीत निघाला तेव्हा तिने त्याला हात जोडले होते. "भिंती भाड्याच्या, खुर्च्या भाड्याच्या, मालकाला अजून मिशी फुटायची. जाऊ नको रे." तो गेला. कंपनी अशी काही चालली की वर्षभरात प्रथमेशने गाडी आणली. मावशीने डबी बाहेर काढली, पेढा खाल्ला आणि भर जिन्यात सांगितलं, "चुकलं माझं. बुडेल म्हणाले होते, नाही बुडली." मग दोन पायऱ्या चढून मागे वळली. "गाडी कंपनीची की हप्त्याची?" "हप्त्याची," प्रथमेश म्हणाला. "मग अजून वेळ आहे," म्हणून ती वर गेली.

पहिल्या मजल्यावरच्या विनोदचं याच्या उलट झालं. मोठ्या पगारावर गेला आणि प्रोबेशन संपायच्या आत कंपनीच गुंडाळली. विनोद तोंड लपवून फिरायला लागला. बिल्डिंगमधले सगळे त्याला "अरे अरे, असं कसं झालं" म्हणून गाठायचे. मावशीने त्याला एका शब्दानेही विचारलं नाही. त्याची डबी काढली, रिकामी केली, धुऊन ओट्यावर उपडी घातली. आणि त्या संध्याकाळी बांगड्याचं तिखलं, म्हणजे मालवणी कालवण, आणि भात विनोदच्या घरी पाठवला. पुढे त्याला दुसरीकडे काम लागेपर्यंत दर आठवड्याला एकदा डबा जात राहिला. त्यामुळे आमच्याकडे एक समजूतच झाली. मावशीकडून जेवण आलं, की कुणाची तरी नोकरी गेली.

आता माझं सांगतो. मी विक्रोळीला एका पॅकेजिंग कंपनीत खरेदी विभागात होतो. काम बरं, साहेब बरा, पगार मात्र दर वर्षी मुंगीच्या पावलाने वाढायचा. अशात मरोळला हॉस्पिटलची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने मला बोलावलं आणि दीडपट आकडा असलेलं ऑफर लेटर पाठवलं. घरात आनंदीआनंद झाला. माझी बायको सायली एका क्लासमध्ये शिकवते, तिच्या पगाराचा भरवसा मुलांच्या फीवर. घराचा हप्ता सगळा माझ्या पगारातून जातो. आणि आईचा उजवा गुडघा तीन वर्षांपासून संपावर गेलेला होता. बदलून घ्या, असं डॉक्टरांनी सांगून झालं होतं. आई दर वेळी पुढच्या वर्षी म्हणायची. मावशीच्या दुसऱ्या मजल्यावर तिने तीन वर्षांत पाऊल टाकलेलं नव्हतं. मावशीच खाली यायची.

राजीनाम्याचा दिवस आईने ठरवला. दसरा. "साडेतीन मुहूर्तांतला एक आहे. जुनं सोडायचं, नवं धरायचं, याहून चांगला दिवस कुठला?" मला मुहूर्ताचं फारसं काही नाही, पण आईचं मन कशाला मोडा. मेल लिहून ठेवला, पेढ्यांची ऑर्डर दिली. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आई आणि सायली झेंडूचं तोरण ओवत बसल्या होत्या, तेवढ्यात मावशी आंब्याची पानं द्यायला खाली आली. आईच्या पोटात काही राहत नाही. तिने लगेच सांगून टाकलं.

"लेटर बघू," मावशी म्हणाली.

"अगं, उद्या तर राजीनामा देतोय तो. आता काय बघायचंय?"

"म्हणून तर आज बघायचं."

मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली. मावशी तोरणाच्या पसाऱ्यातच फतकल मारून बसली, पेन्सिल काढली, शेवटचं पान वर घेतलं. पहिली गावली ती पाच मिनिटांत. आकड्यातला चांगला मोठा तुकडा व्हेरिएबल होता. म्हणजे पाहुणा. दीडपट कसला, पाहुणा वगळला तर हातात येणारी वाढ चहापाण्यापुरतीच होती. माझा आनंद थोडा उतरला, पण तरीही वाढ ती वाढ.

"तू विक्रोळीला कधी लागलास?" तिने विचारलं.

"जानेवारीअखेर पाच वर्षं होतील."

"नोटीस?"

"दोन महिने."

"गावली!" मावशी मांडीवर थाप मारून म्हणाली. "उद्या दिलास तर डिसेंबरात बाहेर. पाच वर्षांना दीड महिना कमी. सगळी ग्रॅच्युइटी सोडून जाणार तू. दिवाळीची ओवाळणी घालतोयस काय त्यांना?"

आईने फूल ओवता ओवता म्हटलं, "जाऊ दे गं, नव्या ठिकाणी भरून निघेल." मावशीचं लक्ष नव्हतं. तिची पेन्सिल इन्शुरन्सच्या ओळीवर थांबली होती. तिथे लिहिलं होतं, कुटुंबासह आरोग्य विमा. "यात आई बसते का?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, बसत असेलच, विक्रोळीला बसते. "असेलच म्हणजे काय? फोन लाव."

एचआरची मुलगी अजून ऑफिसातच होती. मावशीच्या आग्रहावरून मी फोन स्पीकरवर टाकला आणि पुढचं सगळं माझ्या हातून गेलं.

"हॅलो, मी याची मावशी बोलतेय. एक शंका होती."

"मॅम, कँडिडेट आहेत का तिथे?"

"आहे ना, समोर बसलाय, पण त्याला विचारता येत नाही. तुमच्या इन्शुरन्समध्ये आई येते का?"

"हो मॅम, पेरेंट्स कव्हर होतात."

आईने माझ्याकडे विजयाने बघितलं. मावशी फोनवर आणखी वाकली. "कधीपासून?"

"कन्फर्मेशननंतर मॅम. सहा महिन्यांनी."

"गावली! गावली मेली!" मावशी इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या मुलीने घाबरून फोन ठेवला. नवी नोकरी सुरू व्हायच्या आधीच माझी तिथे काय छाप पडली असेल, या विचाराने मी डोक्याला हात लावला.

मावशी मात्र मुद्द्यावर होती. जुन्या कंपनीच्या पॉलिसीत आईचा गुडघा आत्ता बसतो. नोकरी सोडली की त्या दिवशी ती पॉलिसी संपली. नव्या ठिकाणी सहा महिने काही नाही, आणि सहा महिन्यांनी कन्फर्म केलंच नाही तर तेही नाही. स्वतःची पॉलिसी आज काढली तरी गुडघा बदलायला दोन-तीन वर्षं थांबवतात. "मधल्या काळात गो बाई पाय घसरून पडलीस तर? ऑपरेशनचा खर्च हा हप्त्यातून करणार? आधी गुडघा बदल, मग नोकरी बदल. डिसेंबरात राजीनामा दे रे. ग्रॅच्युइटी पण मिळेल."

"आणि ते थांबले नाहीत तर?" मी विचारलं.

"गुडघ्यासाठी न थांबणारी कंपनी तुझ्यासाठी काय थांबणार आहे?"

आता आईचं बिनसलं. आपल्या गुडघ्यापायी पोराची नोकरी जाणार, हे तिला सहन होईना. "माझा गुडघा मी बघून घेईन. त्याच्या आड कशाला आणतेस? दसऱ्यासारखा मुहूर्त परत येणार आहे?"

"मुहूर्त पंचांगात काय बघतेस? पॉलिसीत बघ."

"कुंदा, पुरे झालं!" आईने तोरण बाजूला टाकलं. "सगळ्या बिल्डिंगच्या पोरांना भिववून ठेवतेस. तुझी प्राची हैदराबादला निघाली तेव्हा कुठे गेली होती ही पेन्सिल? तिला बरी हसत हसत जाऊ दिलीस!"

प्राची म्हणजे मावशीची एकुलती एक मुलगी. माझ्याहून थोडी लहान, आम्ही एकाच जिन्यात खेळून मोठे झालो. राणेकाका गेले त्याच्या पुढच्या वर्षी ती ठाण्याची चांगली नोकरी सोडून हैदराबादला गेली. तिथेच तिने लग्न केलं, घर घेतलं. ती निघाली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, मावशी घर डोक्यावर घेईल. तिने हूं की चूं केलं नाही. टॅक्सीत बॅगा स्वतः ठेवल्या आणि हात हलवून वर गेली. बिल्डिंगमध्ये तेव्हा बरीच कुजबुज झाली होती, पण तिच्या तोंडावर कुणी काही बोललं नव्हतं. ते आज आईने बोलून टाकलं.

मावशीने कागद सरळ करून माझ्या हातात दिले. पेन्सिल अंबाड्यात खोचली. "खरं आहे तुझं," एवढंच आईला म्हणाली, चपला घातल्या आणि वर गेली. आईने तोरण परत हातात घेतलं, पण बराच वेळ तिला सुईत दोरा ओवता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मावशी उभी. हातात आपट्याची पानं. आईच्या हातावर ठेवून म्हणाली, "सोनं घे, सोन्यासारखी राहा. आणि गुडघा नोव्हेंबरात करून घे." मग आईनेही डब्यातली पानं काढून मावशीच्या हातावर ठेवली. "बरं," म्हणाली. दोघींनी एकमेकींची माफी वगैरे मागितली नाही, तशी पद्धत आमच्याकडे नाही. ऑर्डरचे पेढे आले ते दसऱ्याचे म्हणून मावशीनेच वाटले, आणि ते दसऱ्याचे असल्यामुळे दोन खाल्ले.

मी मरोळला मेल टाकला की आईच्या ऑपरेशनमुळे फेब्रुवारीत येऊ शकेन. दोन दिवस उत्तर नाही. हातचं सोडायच्या आधीच पळतंही निसटतंय, असं वाटून मी त्या दोन दिवसांत मनातल्या मनात मावशीला पुष्कळ बोलून घेतलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, चालेल. खाली एक ओळ होती, तुमच्या मावशींना नमस्कार.

नोव्हेंबरात आईचं ऑपरेशन झालं. खर्चाचा मोठा वाटा जुन्या कंपनीच्या पॉलिसीने उचलला. तो आकडा बघितल्यावर मला आणि सायलीला कळून चुकलं की हे फेब्रुवारीनंतर झालं असतं तर घराचा हप्ता की आईचा पाय, असा प्रश्न आमच्यापुढे खरोखर आला असता. मावशी रोज हॉस्पिटलात यायची. डॉक्टरांनी गुडघा आता छान वाकेल म्हणून सांगितलं तर तिने विचारलं, "ते झालं. पण हातात किती? म्हणजे जिने किती चढेल?"

डिसेंबरात राजीनामा दिला, फेब्रुवारीत मरोळला लागलो. मावशीला पेढा दिला. तो रीतसर डबीत गेला. तिने आधीच बजावलं होतं, "सगळे म्हणतात, नोकरी बदलली. मधल्या खड्ड्याचं कुणी बोलत नाही. जुन्याचा हिशोब उशिरा येतो, नव्याचा पगार उशिरा सुरू होतो. दोन हप्ते बाजूला काढून ठेव." झालंही तसंच. महिन्याची पगाराची यादी बंद झाल्यावर मी लागलो होतो, म्हणून फेब्रुवारीचे पैसे मार्चच्या पगाराबरोबर आले. खड्डा होता, पण त्याच्यावर आम्ही आधीच फळी टाकून ठेवली होती.

खरी भीती पुढे होती. मे महिन्यात कंपनीच्या हातून एक मोठी ऑर्डर गेली. प्रोबेशनवरच्या दोघांना कामावरून काढलं. मी प्रोबेशनवरच होतो. रोज साहेबाच्या केबिनकडे बघून त्याचा मूड कसा आहे ते ताडायचो. घरी कुणाला काही बोललो नव्हतो. आणि अशातच एका संध्याकाळी घरी आलो तर ओट्यावर मावशीचा डबा. उघडला तर बांगड्याचं तिखलं आणि भात. तसाच दोन जिने धावत वर गेलो.

"मावशी, तुला कुणी काही सांगितलं का?"

"कशाबद्दल?"

"तिखलं का पाठवलंस?"

मग तिच्या लक्षात आलं आणि ती पोट धरून हसली. "अरे मेल्या, बांगडा स्वस्त होता!" हसणं ओसरल्यावर मात्र तिने मला बसवलं, पाणी दिलं आणि ऑफिसात काय चाललंय ते सगळं विचारून घेतलं. उपदेश केला नाही. निघताना म्हणाली, "गेली तर गेली. आईचा गुडघा झालाय, खड्डा भरून झालाय. दुसरी बघू. घाबरायचं नाही." मला त्या दिवशी पहिल्यांदा शांत झोप लागली.

ऑगस्टमध्ये कन्फर्मेशनचं पत्र आलं. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती लगेच पदर खोचून उभी राहिली. "चल. मी पण येते वर." एका हाताने कठडा, एका हाताने माझा खांदा धरून ती दोन जिने चढली. मध्ये एकदाच थांबली. दारात आईला उभी बघून मावशीच्या हातातला झारा तसाच राहिला. "आलीस गो!" एवढंच ती म्हणाली आणि झाऱ्यासकट पुढे येऊन आईचा हात धरला.

पत्र बघून झालं, मागल्या पानापासून. मग आम्ही तिघं फ्रीजपाशी गेलो. फ्रीजरमध्ये बर्फ धरला होता, माझी डबी निघेना. मावशीने झाऱ्याच्या दांड्याने बर्फ खरवडला, तशी माझी डबी सुटली आणि तिच्या मागची आणखी एक डबी खाली पडली. रोलची काळी डबी. चिकटपट्टी पिवळी पडलेली, पण अक्षरं वाचता येत होती. प्राची.

आईने ती उचलली. "अगं, ही प्राचीची? तिच्या कन्फर्मेशनचा फोन आला तेव्हा मी इथेच बसले होते. खायचा राहिला का?"

"राहिला नाही," मावशी म्हणाली. "ठेवलाय."

तिने माझा पेढा वाटीत काढला. आईच्या हातातल्या डबीकडे बघत राहिली.

"तू त्या दिवशी म्हणालीस ना, पेन्सिल कुठे होती. हातातच होती गो. प्राचीने लेटर आणून माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, आई, तू जा म्हणशील तरच जाईन. मी म्हटलं, उद्या सांगते. मागून वाचलं, पुढून वाचलं. पगार, नोटीस, इन्शुरन्स, बाँड. विक्रोळीला जाऊन माझ्या जुन्या साहेबांना दाखवून आले. एवढीशी जरी खोच असती ना, तरी नको म्हणाले असते तिला. सगळ्यांची गावते. तिची एकय गावली नाय. मग काय करणार? जा म्हटलं."

तिच्याकडे बघवेना, म्हणून मी उगाच फ्रीजचं दार धरून उभा राहिलो.

"खा मग आता," आई हळूच म्हणाली. "इतकी वर्षं झाली."

"खाल्ला की पक्कं झालं ना सगळं," मावशी म्हणाली. "राहू दे. ती अजून प्रोबेशनवर आहे, असं मी धरून चालते."

आईने ती डबी पदराने पुसली, फ्रीजरमध्ये होती तिथे, अगदी मागे सरकवून ठेवली आणि माझा हात बाजूला करून दार लावलं. मग वाटीतला माझा पेढा उचलून मावशीच्या तोंडापुढे धरला.

"आ कर," म्हणाली. "हा खरंच कन्फर्म झालाय."